पडद्यावरची झुंज आणि न लागलेला ठोसा

चित्रपटाचा शेवट जवळ आलेला असतो. नायक आणि खलनायक एखाद्या ओसाड कारखान्यात किंवा देवळाच्या पायऱ्यांवर समोरासमोर उभे ठाकतात. जिंकणार कोण, हे पुढच्या रांगेतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही प्रेक्षागृह क्षणभर शांत होते, पहिला ठोसा बसताच शिट्ट्या वाजतात आणि पुढची सात-आठ मिनिटे कोणी जागचे हलत नाही. निकाल आधीच माहीत असलेल्या या लढतीत माणसाला एवढे गुंतवून ठेवणारे असते तरी काय?

मराठीत चित्रपटावर लिहिताना गीत, संगीत आणि अभिनय यांची जेवढी चर्चा होते, तेवढी मारामारीची होत नाही. ‘देमार’ हे एक विशेषण लावले की विषय संपतो. वास्तविक पडद्यावरची झुंज ही नृत्याइतकीच बांधीव आणि कुस्तीइतकीच कष्टाची कला आहे. तिच्या इतिहासात महाराष्ट्राचा, त्यातही वऱ्हाडाचा, वाटा लहान नाही.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. येथे चित्रनगरी नाही की स्टुडिओ नाही. पण प्रेक्षक आहेत आणि ते जुने आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चित्रपट आधी जत्रेतल्या तंबूत आला, मग तालुक्याच्या टॉकीजमध्ये स्थिरावला, १९८० नंतर व्हिडिओवर, पुढे केबलवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर पोहोचला. या सगळ्या वाटांनी ब्रूस ली आणि जॅकी चॅन ही नावे खेड्यापाड्यांत गेली. संवादांतला एकही शब्द न कळता मुलांनी ते चित्रपट पाहिले. हाणामारीला भाषा लागत नाही, हे याचे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. अशी झुंज पाहण्यासाठी लागणारी नजर या प्रेक्षकापाशी आधीपासूनच होती.

आखाड्यात तयार झालेली नजर

विदर्भातल्या गावांत झुंज पाहण्याचे दोन जुने प्रकार आहेत. पहिला कुस्त्यांच्या दंगलीचा. जत्रेच्या किंवा नागपंचमीच्या दिवशी डफड्यांच्या कडकडाटात मल्ल आखाड्यात उतरतात, अंगाला माती लावतात, सलामी झडते आणि खडाखडी सुरू होते. समोरचा ढाक लावणार की पटात शिरणार, हे कडेला बसलेल्या जाणत्यांना खांद्याच्या नुसत्या हालचालीवरून कळते. येथे जोर खरा असतो, पडणे खरे असते आणि निकाल कोणालाच आधी ठाऊक नसतो. कुस्ती बरोबरीत सोडवली तर पाहणारे नाराज होतात. त्यांना पाठ मातीला टेकलेली पाहायची असते.

दुसरा प्रकार मिरवणुकीतल्या आखाड्याचा. लाठी, बनाटी, दांडपट्टा यांची प्रात्यक्षिके दाखवणारे गडी रस्त्यातच रिंगण धरतात. आडव्या निजलेल्या माणसाच्या पोटावर ठेवलेले लिंबू पट्ट्याच्या एका फटक्यात दुभंगते आणि खालच्या कातडीला ओरखडाही उठत नाही. येथे हार-जीत नसते. पाहायचे असते ते कसब, आणि त्या कसबाचा अर्थ एवढाच की हत्यार जिथे थांबवायचे तिथे ते थांबले पाहिजे.

या परंपरेला संस्थेचे रूप देण्याचे काम शेजारच्या अमरावतीत झाले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. शरीर कमावणे आणि ते लोकांपुढे शिस्तीने मांडणे या दोन्ही गोष्टींना वऱ्हाडात प्रतिष्ठा होती, हे त्यावरून दिसते.

पडद्यावरची मारामारी या दोन्ही प्रकारांच्या मध्ये उभी आहे. दंगलीतली निकालाची ओढ तिने घेतली आणि मिरवणुकीच्या आखाड्यातले ‘लागू न देण्याचे’ कसबही घेतले. दोन माणसे एकमेकांचा जीव घ्यायला निघाल्यासारखी दिसतात आणि प्रत्यक्षात प्रत्येक क्षणी एकमेकांना सांभाळत असतात. तिचे खरे आकर्षण या विरोधात आहे. प्रेक्षकाला ठोसा हवा असतो, पण तो न लागलेला हवा असतो.

कोल्हापूरचे विठ्ठल, अमरावतीचे भगवान

भारतीय चित्रपटाने हाणामारीची ओढ फार लवकर ओळखली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाचा हा विषय लढाईशिवाय दाखवता येण्यासारखाच नव्हता. याच कंपनीत मास्टर विठ्ठल यांनी सुरुवात केली. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीच्या मूकपटांतून तलवारबाजी आणि उड्या यांच्या बळावर ते एवढे लोकप्रिय झाले की त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हटले जाऊ लागले. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकपद त्यांच्याकडे गेले, तेव्हा जुन्या कंपनीने करारभंगाचा दावा लावला आणि विठ्ठल यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ मुंबईत झळकला. बोलपटाच्या युगात मात्र संवादफेकीला महत्त्व आले आणि देहाने बोलणारा हा नट हळूहळू मागे पडला.

याच दशकात वाडिया मूव्हीटोनने ‘हंटरवाली’ (१९३५) आणि ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) यांतून नादिया या नायिकेला पुढे आणले. चाबूक चालवणारी, आगगाडीच्या टपावर पुरुषांशी दोन हात करणारी स्त्री प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. पडद्यावरच्या झुंजीत बळापेक्षा कसबाला मान असतो, हे नादिया यांच्या लोकप्रियतेने सिद्ध केले.

वऱ्हाडाशी थेट नाते सांगणारा कलावंत मात्र वेगळाच आहे. भगवान आभाजी पालव, म्हणजेच मास्टर भगवान, यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. मुंबईच्या कामगार वस्तीत वाढलेल्या या मुलाने मूकपटांतल्या लहान भूमिकांपासून सुरुवात केली. ‘हिंमत-ए-मर्दा’ (१९३४) हा त्यांचा पहिला बोलपट. १९३८ मध्ये ‘बहादुर किसान’च्या दिग्दर्शनात त्यांनी भाग घेतला आणि पुढच्या दशकभरात कमी खर्चाचे स्टंटपट एकामागून एक काढले. हे चित्रपट प्रतिष्ठितांच्या चित्रपटगृहांसाठी नव्हतेच. गिरणीची पाळी संपवून येणारा कामगार, हमाल, रोजंदार हा त्यांचा प्रेक्षक. दिवसभर ज्याच्या अंगमेहनतीला कोणी नाव देत नाही, त्याला पडद्यावर मेहनती शरीराचा विजय पाहायला मिळत होता.

राज कपूर यांच्या सल्ल्यावरून भगवान सामाजिक चित्रपटाकडे वळले आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. सी. रामचंद्र यांच्या संगीताने आणि भगवानदादांच्या नाचाने तो अमर झाला. लोकांच्या लक्षात त्यांचा नाच राहिला, स्टंटपट विस्मरणात गेले. पण त्या सोप्या दिसणाऱ्या नाचातला तोल आणि थांबण्याची अचूक जागा ही मारामारीच्या वर्षांची कमाई होती, असे म्हणायला जागा आहे. पुढे अपयश आले, बंगला आणि मोटारी गेल्या आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. २०१६ मधल्या ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली.

एका थपडेची किंमत

भगवानदादांच्याच आयुष्यात एक असा प्रसंग आहे, की जो पडद्यावरच्या मारामारीचा सगळा अर्थ सांगून जातो. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू होते. प्रसंगात भगवान यांनी ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. थप्पड खरोखरीच आणि जोरात बसली. येवल्यात जन्मलेल्या, तेव्हा पंचविशीत असलेल्या आणि नायिका म्हणून नाव कमावलेल्या या अभिनेत्रीच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याला इजा झाली. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. डोळा पूर्ववत झाला नाही. नायिकेच्या भूमिका कायमच्या गेल्या.

ललिता पवार यांनी हार मानली नाही. मिटल्यासारख्या त्याच डोळ्याला त्यांनी अभिनयाचे हत्यार बनवले आणि खाष्ट सासू म्हटले की त्यांचाच चेहरा आठवावा, इतकी त्या भूमिकेवर सत्ता गाजवली. दूरदर्शनवरच्या ‘रामायण’ मालिकेतली मंथरा नव्या पिढीलाही आठवते. पण त्यांच्या कर्तृत्वाने त्या थपडेचे समर्थन होत नाही. ज्या कलेचा पायाच ‘लागू न देणे’ हा आहे, तिथे एक फटका लागला आणि त्याची किंमत एका स्त्रीने आयुष्यभर मोजली.

चाळीस वर्षांनी असाच धडा पुन्हा मिळाला. जुलै १९८२ मध्ये बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात पुनीत इस्सर यांच्याबरोबरच्या मारामारीत अमिताभ बच्चन यांची उडीची वेळ चुकली आणि पोटाला गंभीर इजा झाली. सारा देश त्यांच्या प्रकृतीच्या बातम्यांकडे डोळे लावून बसला. चूक क्षणाच्या अंशाची होती. मारामारीच्या प्रसंगात दोन नटांमध्ये किती बारीक हिशेब असतो, हे सामान्य प्रेक्षकाला तेव्हा कळले.

ठोसा कसा ‘लागतो’?

हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. कॅमेऱ्याला खोली दिसत नाही. मारणाऱ्याची मूठ आणि मार खाणाऱ्याचा जबडा कॅमेऱ्याच्या एकाच रेषेत आले, की दोघांतले वीतभर अंतर पडद्यावर नाहीसे होते. मूठ हवेतून जाते. समोरचा नट योग्य क्षणी मान झटकतो आणि ठोसा ‘लागतो’. म्हणजे ठोसा खरा ठरवण्याचे काम मारणाऱ्यापेक्षा मार खाणारा अधिक करतो. मान झटकायला थोडा उशीर झाला तर सगळे खोटे वाटते, आणि थोडी घाई झाली तर हास्यास्पद.

त्यानंतर ध्वनी येतो. मुठीचा खरा आवाज फारसा मोठा नसतो. पडद्यावरचा तो खणखणीत ‘ढिशुम’ नंतर तयार करून जोडलेला असतो आणि डोळ्यांना आलेली शंका कान पुसून टाकतात. चित्रीकरण ठरलेल्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाने केले, तर सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने दाखवताना हालचाली चपळ भासतात. कपड्यांवर भुकटी टाकली की फटक्यासरशी धूळ उडते आणि आघात डोळ्यांना दिसतो. संकलनात आघाताच्या दोन-चार चौकटी पुन्हा दाखवल्या तर तोच फटका दुप्पट जड वाटतो.

हे सगळे जुळवून आणणारा माणूस म्हणजे हिंदी आणि मराठी चित्रसृष्टीतला ‘फाइट मास्टर’. नृत्यदिग्दर्शकाप्रमाणेच तो आकडे मोजत हालचाली बसवतो. एक म्हटले की डावा हात, दोन म्हटले की झुकणे, तीनला लाथ, चारला मागे कोसळणे. त्याच्या हाताखालचे फायटर जमिनीवर, टेबलावर, काचेवर पडण्याचा पोटापाण्याचा धंदा करतात. नायकाचा ठोसा भारी दिसतो, तो त्यांच्या पडण्यामुळे.

हाँगकाँगने काय शिकवले?

१९७०च्या दशकात हाँगकाँगच्या चित्रपटांनी या कलेत मोठी भर घातली. ब्रूस लीचे ‘द बिग बॉस’ (१९७१), ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२) आणि ‘वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) पाठोपाठ आले. ‘एंटर द ड्रॅगन’ प्रदर्शित होण्याआधीच, २० जुलै १९७३ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. दिसायला तो मल्ल नव्हता. सडपातळ, मध्यम उंचीचा. धिप्पाड पहिलवानाची सवय असलेल्या डोळ्यांना त्याने चपळाईची आणि एकाग्रतेची ताकद दाखवली. हाच भाग सामान्य घरातल्या किडकिडीत मुलांना भावला. बळ जन्मजात नसते, सरावाने मिळते, हा त्यांना मिळालेला दिलासा होता.

तोच विचार १९७८ मधल्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ या चित्रपटाने टोकाला नेला. त्यात लढाईपेक्षा शिकणे अधिक आहे. पाण्याने भरलेल्या बादल्या हात ताणून वाहायच्या, डोक्याने पिशव्यांवर धडका द्यायच्या, पुन्हा पुन्हा अपयश घ्यायचे. आखाड्यात पहाटे जोर-बैठका काढलेल्या कोणालाही हे दृश्य परके वाटणार नाही. त्याच वर्षीच्या ‘ड्रंकन मास्टर’मध्ये जॅकी चॅनने या कठोर साधनेत विनोद मिसळला.

जॅकी चॅनचे शिक्षण चिनी संगीतनाट्याच्या शाळेत झाले. कोलांट्या, गायन, शस्त्रांचे हात आणि कडक शिस्त यांत त्याचे बालपणीचे दशक गेले. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये तो ब्रूस लीच्या हातून मार खाणाऱ्या अनामिकांपैकी एक होता. पुढे नायक झाल्यावर त्याने मार खाण्याची आठवण सोडली नाही. त्याच्या चित्रपटांत ठोसा मारल्यावर नायकाचाच हात दुखतो, उडी चुकते, तो घाबरतो, पळतो आणि हाताला लागेल त्या खुर्चीने, शिडीने, छत्रीने स्वतःला वाचवतो. ‘आर्मर ऑफ गॉड’ (१९८६) करताना झाडावरून पडून त्याच्या कवटीला गंभीर इजा झाली होती. चित्रपटाच्या शेवटी चुकलेल्या उड्यांची दृश्ये दाखवण्याचा त्याने प्रघात पाडला आणि पडद्यामागचे कष्ट प्रेक्षकासमोर उघडे केले.

हाँगकाँगच्या दिग्दर्शकांनी एक साधे तत्त्व पाळले. लढणारे देह डोक्यापासून पायापर्यंत दिसले पाहिजेत. कोणी कोठून हात उचलला, तो कोठे अडवला गेला, पुढचा डाव त्यातून कसा निघाला, हे प्रेक्षकाला वाचता आले पाहिजे. दुसरे तत्त्व लयीचे. हालचालींची एक झड येते, मग क्षणभर दोघेही स्थिर होतात, पुन्हा झड येते. तबल्यावर तुकडा समेवर यावा तसा तो थांबण्याचा क्षण असतो. तिथे प्रेक्षक श्वास सोडतो आणि टाळी देतो. लेझीम पाहणाऱ्याला हा आनंद निराळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढे ‘द मॅट्रिक्स’ (१९९९) आणि ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) यांच्या लढती हाँगकाँगच्याच युएन वो-पिंग यांनी बसवल्या आणि ही शैली जगभर पोहोचली. तारांवर तरंगणारे योद्धे आले. त्याची प्रतिक्रिया म्हणून की काय, थायलंडच्या ‘ओंग-बाक’ने (२००३) तारा नाहीत, बदली माणूस नाही, संगणकाची करामत नाही, अशी जाहिरातच केली. इंडोनेशियाच्या ‘द रेड’ने (२०११) अरुंद इमारतीतल्या झटापटींनी दम कोंडून टाकला. खरे शरीर पाहण्याची भूक यंत्रे कितीही सुधारली तरी मरत नाही, हे या चित्रपटांच्या यशाने दाखवले.

दांडपट्टा पुन्हा पडद्यावर

मराठीत ही भूक प्रामुख्याने ऐतिहासिक चित्रपटांनी भागवली. भालजी पेंढारकर यांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) या चित्रपटांमागे कोल्हापूरच्या मातीतली तालमीची परंपरा होती. घोडा, तलवार आणि पट्टा यांची ओळख असलेली माणसे तिथे सहज मिळत. मर्दानी खेळांची ही परंपरा कोल्हापुरात आजही शिकवली जाते.

नंतरच्या काळात हा प्रवाह क्षीण झाला आणि २०१८ च्या ‘फर्जंद’पासून पुन्हा वाहू लागला. दिग्पाल लांजेकर यांचे ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२) आणि ‘शेर शिवराज’ (२०२२) हे चित्रपट त्यातलेच. हिंदीत ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५), ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ (२०२०) आणि लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ (२०२५) यांनी मराठ्यांच्या इतिहासातली युद्धे भव्य प्रमाणावर मांडली. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा अनेक तरुणांना हे हत्यार पडद्यामुळे आधीच ओळखीचे झाले होते.

दांडपट्टा हे कठीण शस्त्र आहे. कोपरापर्यंत हात झाकणारी खोबण आणि पुढे लांब, लवचिक, दुधारी पाते. मनगट वळवता येत नसल्याने खांद्यातून आणि कमरेतून सगळा देह फिरवावा लागतो. म्हणूनच पट्टेबाजाचे चित्रण जवळून केले की त्याचा आत्माच हरवतो. पाय, कंबर आणि पाते एकत्र दिसले तरच त्यातली मजा कळते. अलीकडच्या काही चित्रपटांत संगणकाने रचलेली सैन्ये, संथ गती आणि दर सेकंदाला बदलणारे दृश्य यांच्या गर्दीत नेमके हेच झाकले जाते. भव्यता दिसते, डाव दिसत नाही. मिरवणुकीतला आखाडा पाहून आलेला प्रेक्षक अशा वेळी मनातल्या मनात नापसंती नोंदवतो.

आणखी एक मालेगाव

हाणामारीसाठी पैसाच हवा, ही समजूत आपल्या राज्यातल्याच एका गावाने खोटी ठरवली. हे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले नव्हे, तर नाशिक जिल्ह्यातले, यंत्रमागांचे. तिथे शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट स्थानिक कामगारांना घेऊन अगदी तुटपुंज्या पैशांत केला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढताना एक किडकिडीत यंत्रमाग कामगार महानायक झाला. त्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट देशोदेशी नावाजला गेला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. तिथली मारामारी पाहून प्रेक्षक हसतो. पण ते हसणे कुत्सित नसते. आपल्यासारखाच माणूस उडण्याचा प्रयत्न करतो आहे, याचे ते कौतुक असते. झुंजीच्या दृश्यात आपण स्वतःलाच कोठेतरी पाहत असतो, याचा हा सगळ्यात साधा पुरावा.

पडणाऱ्यांचे श्रेय

एवढे आकर्षण ज्यांच्या हाडांवर उभे आहे, त्यांची नावे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतात. भारतात साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळायला ६४ वे वर्ष उजाडले. २०१६ च्या चित्रपटांसाठीच्या त्या पुरस्कारांत ‘पुलिमुरुगन’ या मल्याळी चित्रपटासाठी पीटर हेन यांची निवड झाली. हॉलिवूडही फारसे पुढे नव्हते. साहसदृश्यांच्या रचनेसाठी स्वतंत्र ऑस्कर देण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला आणि तो २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यापासून द्यायचे ठरले. जॅकी चॅनला २०१६ मध्ये सन्माननीय ऑस्कर मिळाले, तेव्हा त्याच्या मोडलेल्या हाडांची यादी त्याच्या चित्रपटांइतकीच प्रसिद्ध होती. हिंदी चित्रसृष्टीतल्या साहसवीरांसाठी २०१७ मध्ये अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने विमा योजना सुरू झाली. उशिरा का होईना, पडणाऱ्या माणसाचा विचार सुरू झाला.

येथे प्रेक्षकाचीही एक जबाबदारी आहे. मोबाइलवर काही सेकंदांत दिसणारी उडी पाहून गच्चीवरून किंवा चालत्या वाहनावरून तिची नक्कल करणारी मुले जिवावर बेततील असे धाडस करतात. त्या उडीखालची गादी, कमरेची दोरी, महिनाभराचा सराव आणि बाजूला उभा असलेला जाणता माणूस पडद्यावर दिसत नाही. घरातल्या मोठ्यांनी मुलांना मारामारीचे चित्रपट पाहू नका, असे सांगून उपयोग होत नाही. ते कसे केले जातात, हे सांगितले तर होतो. कसब समजले की नकलेपेक्षा सरावाचे मोल वाटू लागते. कुस्तीत वस्ताद पहिल्या दिवशी पाडायला नव्हे, पडायला शिकवतो.

शेवटी उरते ते

हिंसेचे आकर्षण म्हणून पडद्यावरच्या मारामारीकडे पाहिले तर तिचे अर्धेच दर्शन घडते. खरी हिंसा पाहणे माणसाला असह्य होते. रस्त्यावर दोघे हातघाईवर आले तर आपण मान फिरवतो किंवा सोडवायला धावतो. पडद्यावर मात्र तेच दृश्य आपण डोळे विस्फारून पाहतो, कारण मनाच्या तळाशी ठाऊक असते की दोघेही उठून एकत्र चहा घेणार आहेत. तिथे अन्यायाचा निकाल लागतो आणि कोणाचे रक्त सांडत नाही. आयुष्यातले बहुतेक वाद बरोबरीतच सुटतात. पाठ मातीला टेकलेली दिसणारी निकाली कुस्ती फार थोड्यांच्या वाट्याला येते. पडदा ती दर वेळी देतो.

म्हणूनच ललिता पवार यांच्या डोळ्याची गोष्ट या कलेच्या इतिहासात कायम जवळ ठेवावी लागते. मारामारीचे दृश्य जेवढे खरे वाटेल तेवढे चांगले, पण ते खरे होता कामा नये. पुढच्या वेळी नायकाच्या ठोशाने एखादा गुंड टेबल मोडून मागे कोसळला, की नायकासाठी शिट्टी जरूर वाजवावी. मात्र क्षणभर नजर त्या कोसळणाऱ्यावरही ठेवावी. ठोसा लागलाच नव्हता. तो लागल्याचे आपल्याला पटवून देणारा कलावंत तोच आहे.